झावळ्यांच्या रविवारची रांग

क्रूस नानाजींच्या हातात होता आणि धनराजला ते बघवत नव्हतं. वाट जंगलातली, अरुंद. छोट्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, सगळी मंडळी एकामागे एक चालली होती. हातात शिंदीच्या झावळ्या, तोंडात 'होसान्ना'चा जयघोष. धनराजचं तोंड तेवढं बंद होतं.

दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ही रांग मोठ्या गावच्या चर्चला जायची. जो क्रूस घेऊन सगळ्यांच्या पुढे पोचेल, त्याच्या गळ्यात बिशपसाहेब हार घालायचे. तोच मग वर्षभर मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख. या मानासाठी नानाजी आणि धनराज किती वर्षं झुरत होते, ते एका देवालाच ठाऊक. चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसत, पण एकाने प्रार्थना लांबवली की दुसरा हमखास खोकायचा. यंदा क्रूस धरायला पंचांनी नानाजींना निवडलं. तेव्हापासून नानाजी जमिनीवर नव्हते आणि धनराजला घास गोड लागत नव्हता.

अर्ध्या वाटेवर सगळ्यात मागून आशाबाईचा आवाज आला. म्हातारी पायानं अधू, म्हणून रांगेत शेवटी. आवाज तिने मुळीच चढवला नव्हता.

"मागं वाघ आहे जी. पळू नोका."

सगळे वळले. मोहाच्या झाडाखालून तो वाटेवर आला होता आणि सावकाश मागे येत होता. भल्याभल्यांची पाचावर धारण बसली. इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, वाघ पाठीवर येतो, तोंडावर येत नाही. कुणीतरी त्याच्याकडे तोंड करून उलटं चालायला हवं होतं, आणि शेवटच्या आशाबाईला तर सरळ चालणंही जड जात होतं.

नानाजींनी वाघाकडे पाहिलं. मग हातातल्या क्रुसाकडे पाहिलं. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. हा रविवार पुन्हा कधी येणार? त्यांनी क्रूस आपल्या मागच्या माणसाच्या हातात दिला. तो धनराज होता.

"धर. हळू चाल, अन् वाट सांगत राह्य. मी मागं जातो."

धनराज काही बोलायच्या आत ते निघालेही. शेवटी जाऊन त्यांनी दोन्ही हातांत झावळ्या पसरल्या आणि वाघाकडे तोंड करून उलटी पावलं टाकायला सुरुवात केली. आशाबाईने मागून त्यांचा सदरा पकडला.

वाट खडकाळ. पाय अडखळला तर खेळ खलास. म्हणून धनराज पुढून ओरडे, "दगड, डाव्या हाताले!" आणि तो दगड तोंडातोंडी मागे जाई. "होसान्ना, दगड!" "होसान्ना, खड्डा!" असलं भजन या मंडळीनं जन्मात म्हटलं नव्हतं. शब्द आशाबाईपर्यंत पोचला की ती सदरा ओढायची आणि नानाजींचं पाऊल बरोबर मोकळ्या जागी पडायचं. धनराज एक मूळ, एक काटकी सोडत नव्हता. नानाजींच्या पायांची त्याला आयुष्यात पहिल्यांदाच काळजी लागली होती.

जंगल संपलं आणि धानाच्या बांध्या लागल्या. वाघ कडेला थबकला. जांभई देऊन तो आला तसा आत निघून गेला. मग जो 'होसान्ना' उठला, तो बिशपसाहेबांनी चर्चच्या फाटकातून ऐकला. मंडळी रडत होती, हसत होती, नाचतच येत होती. एकही माणूस कमी नव्हता. वाघाचा काय भरवसा म्हणून नानाजी मात्र अजून उलटेच चालत होते.

बिशपसाहेबांनी झेंडूचा हार उचलला. समोर क्रूस घेऊन धनराज उभा. त्याची मान आपसूक वाकली. हार गळ्यापासून वीतभर राहिला होता, तेव्हा त्याने साहेबांचा हात धरला.

"इथी नाई जी. मागं चला. आज आमची रांग तिकडून सुरू होते."