चाचणीची कॅसेट

“आधी हा पट्टा हातात अडकवा, काकू. कॅमेरा निसटला की संपला,” दुकानदार म्हणाला.

काकूंनी निमूटपणे पट्टा अडकवला. नवी बॅटरी त्यानेच बसवली होती. जुनी आठ महिने आतच राहून पार गेली होती.

“वापरत नसाल तेव्हा बॅटरी काढून ठेवायची. सूर्यावर धरायचा नाही. आणि हे लाल बटण. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. लोक इथेच फसतात. सुरू आहे समजून अख्खं लग्न सोडतात आणि बंद आहे समजून चपला काढत बसतात.”

काकू हसल्या नाहीत. रुमालाच्या टोकाने त्या पुढची काच पुसू लागल्या.

“अहो, रुमालाने नको! चरे पडतात.”

“भाऊ, मला शिकायचं नाहीये,” काकू हळूच म्हणाल्या. “मला ह्यातून माझा मुलगा शोधून द्या.”



मुलगा आठ महिन्यांपूर्वी सकाळी कामावर जाताना रस्त्यातच गेला. मागे हा कॅमेरा राहिला आणि सात कॅसेट. जावयाने त्या टीव्हीवर लावून दिल्या. सातही कॅसेटमध्ये काकूच. भाजी निवडताना, सुईत दोरा ओवताना, खुर्चीत डुलकी घेताना. “पुरे की रे, मेल्या!” म्हणून कॅमेऱ्यापुढे हात धरताना. तो शब्द आला की त्या उठून आत जात.

मुलगा कुठेच नव्हता. तो कायम कॅमेऱ्याच्या मागे. एकदा कपाटाच्या आरशात आला, तर तोंडापुढे कॅमेराच.

“घरी फोटो आहेत,” काकू म्हणाल्या. “पण फोटोत तो नुसता उभा आहे. मला त्याला हसताना बघायचंय. एकदाच. दोन वर्षांपूर्वी माझं गाठीचं ऑपरेशन झालं, मी घरी बसले, आणि ह्याला हा नाद लागला. उठल्यासुटल्या कॅमेरा. म्हटलं, अरे, एखादी पोरगी बघ आणि तिला काढ. ऐकेल तर शपथ.”

दुकानदाराने कॅमेऱ्याचं झाकण उघडून दाखवलं. आतला कप्पा रिकामा होता. “कॅमेऱ्यात स्वतःचं काही राहत नाही, काकू. कॅसेटवर असेल तेवढंच.”

काकूंनी मान हलवली. पट्टा सोडवला. कॅमेरा पिशवीत ठेवताना त्याबरोबर आणलेलं वॉरंटी कार्ड खाली पडलं. दुकानदाराने ते उचललं. त्यावर त्याच्याच दुकानाचा शिक्का होता.

“इथूनच घेतला होता?” त्याने तारीख परत वाचली. मग खाली वाकून एकामागून एक खण उघडू लागला. “थांबा. जाऊ नका.”

त्याच्या दुकानाची एक रीत होती. कॅमेरा हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला समोर उभं करायचं आणि अर्धा मिनिट त्याचंच चित्रण करून दाखवायचं. त्यासाठी दुकानाची एकच कॅसेट होती. भरली की पहिल्यापासून तिच्यावरच परत.

“म्हणजे पुसलं गेलं असेल,” काकू म्हणाल्या.

“धंदा चालला असता तर पुसलं असतं. आता सगळे मोबाईलवर काढतात. दोन वर्षांत इथे चार गिऱ्हाइकं आली, त्यातली दोन पत्ता विचारायला.”

त्याने खणात सापडलेली ती कॅसेट काकूंच्याच कॅमेऱ्यात लावली आणि बाजूचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवला. अनोळखी माणसं येऊ लागली. प्रत्येक जण आधी केसांवरून हात फिरवत होता, टक्कल असलेलेसुद्धा. एक आजोबा “झालं का सुरू?” एवढंच विचारत राहिले. कोपऱ्यातली तारीख सरकत होती. काकूंचे ओठ हलत होते. रोजचं नामस्मरण असावं. दुकानदाराने आवाज जरा कमी केला.

आणि तो आला.

निळा शर्ट. काउंटरला टेकून उभा. त्याने केसांवरून हात फिरवला नाही. लेन्सकडे बघून तो ओशाळं हसला, आणि काकूंनी दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

“माझं बाळ,” त्या म्हणाल्या. “भाऊ, आवाज वाढवा.”

दुकानदाराने आवाज वाढवला. आधी त्याचाच दोन वर्षांपूर्वीचा आवाज आला, थट्टेखोर. “बोला साहेब काहीतरी, माइक तपासू. काय, लग्न ठरलं वाटतं?”

“छे हो,” मुलगा हसला. “आईसाठी घेतोय.”

“वा! आईंना हौस आहे?”

मुलाने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. हसू तसंच राहिलं, पण हनुवटी थरथरली. तेव्हा लेन्स नीट लावण्याच्या नादात दुकानदाराचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आत्ता गेलं. त्याचा हात बटणाकडे धावला. काकूंनी त्याचं मनगट धरलं.

“नाही, तिला काही माहीत नाही,” मुलगा म्हणाला. “तिला साधी गाठ सांगितलीय. डॉक्टर म्हणाले, फार तर सहा महिने. मागे मीच राहणार ना हो, तेव्हा तिला बघायला काहीतरी लागेल.”