चिमटलेला वाफा

इव्हाने टोमॅटोचं पान उलटलं. खाली काहीच नव्हतं. तिने शेजारचं रोप धरलं, मग पलीकडच्या वाफ्यातलं. एकाही पानावर अळी नव्हती. आणि दुपारी तिचे कॉलेजचे सर कांजूरमार्गच्या या वाडीत अळ्याच बघायला येणार होते.

“झकास दिसतंय ना?” मागून आयडाकाकी म्हणाली. “काल संध्याकाळी बसून सगळ्या वेचल्या. कंबर मोडली माझी. बाहेरचा माणूस येणार, त्याला काय किडकी झाडं दाखवायची?”

इव्हा मटकन बांधावर बसली.

अख्खा हिवाळा तिने यात घातला होता. एक वाफा तिच्या घरचा, दुसरा काकीचा. घरच्या वाफ्यातल्या प्रत्येक रोपाची खालची पानं तिने चिमट्याने चुरडली होती. काकीच्या वाफ्याला हात लावला नव्हता. पान दुखावलं की झाडात एखादं संप्रेरक सुटत असावं, ते वरच्या पानांपर्यंत खबर नेतं, मग धड पानंही अळीला पचणार नाही असा रस धरतात, असं तिने वाचलं होतं. सरांना ते पटलं नव्हतं. “दोन वाफ्यांत फरक दिसला तर याच विषयावर पुढे जा. नाहीतर नाद सोड,” ते म्हणाले होते. आता फरक दिसणार कशात? दोन्ही वाफे सारखेच स्वच्छ.

“काकी, वाट लावलीस गं माझी.”

“मी?” काकीचा चेहरा उतरला. “मी तर तुझ्यासाठीच...”

तेवढ्यात कुडाचं फाटक आपटून इव्हाची आई आत आली. हातात पत्र्याचा डबा.

“आयडा, ही काय गो तुझी रीत? माझ्या कोंबड्यांना हे एवढंसं? अळ्यांनी तळसुद्धा झाकला नाही. त्यातही सगळ्या बारक्या, दोऱ्यासारख्या. आणि तुझ्या दाराशी बघून आले आत्ता. डबा भरून अळ्या, एकेक करंगळीएवढी! तुझ्या कोंबड्या खाऊन दमल्या, तरी संपेनात.”

“माझ्यावर आळ घेऊ नकोस हां!” काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “तुमच्या झाडांवरच्या तुमच्या कोंबड्यांना, माझ्या झाडांवरच्या माझ्या. वाटणी झाल्यापासून तुमची एक मिरची तरी माझ्या टोपलीत आली का? तुमच्या वाफ्यावर होत्याच तेवढ्या. आणि होत्या त्याही मेल्या उपाशी असल्यासारख्या. त्याला मी काय करू?”

इव्हा बांधावरून उठली. तिने आईच्या हातातला डबा हळूच काढून घेतला, आत डोकावून पाहिलं आणि तो ओढणीखाली धरला. मग काकीचा हात घट्ट पकडला.

“काकी, तुझा डबा कोंबड्यांपुढून उचल, पळ. आणि सर आले ना, की आत्ता बोललीस ते सगळं असंच भांडून परत सांग.”