'से' आणि 'टेल'

"'से' आणि 'टेल'. दोहोंत भेद काय, सांगा पाहू," तुकोजीराव तिसऱ्यांदा म्हणाले.

पुष्करच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साताऱ्याच्या मराठी शाळेत शिकला असला तरी आता तो दिवसभर क्लायंटशी इंग्रजीतच बोलत होता. दोन हजार सहा साली असली परीक्षा कोण घेतं? आणि तीही लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाची!

पण त्यांची लेक संयुक्ता हवी होती. ऑफिसात तिची ओळख झाल्यापासून त्याला दुसरी कोणी दिसतच नव्हती. "अप्पा इंग्लिश शब्द विचारतील, सांगून टाक," एवढंच ती म्हणाली होती. तंजावरकडचं जुनं मराठी घर. तिथे वडिलांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, असं तो ऐकून होता.

त्याने दातओठ खात पुन्हा सांगितलं. 'से'ला नुसते शब्द पुरतात, 'टेल'ला समोर ऐकणारा लागतो. वर दोन वाक्यंही करून दाखवली.

"सरि," आपण 'बरं' म्हणतो तसं म्हातारा तमिळमध्ये म्हणाला. बरोबर म्हणेना, चूक म्हणेना. उत्तराकडे लक्षच नाही, नुसता पुष्करच्या तोंडाकडे बघत बसलेला. भल्या माणसाला घरी बोलावून छळायचं, ही कुठली रीत?

स्वयंपाकघराच्या दारात संयुक्ता कॉफीचा पेला घेऊन उभी होती. तिनेही बापाला अडवलं नाही.

"'टेल' कोठे घालावे, आणि एकदा सांगा की." 'आणखी'ला म्हातारा 'आणि'च म्हणत होता.

"ओ म्हातारबा!" पुष्करने टीपॉयवर हात आपटला. "शाळा मांडलीय का इथे? अक्कल गहाण ठेवलीत काय?" मग तो दाराकडे वळला. "आणि तू! मजा बघत उभी राहतेस? एकदा लग्न होऊ दे, मग दाखवतो तुला!"

जरा जास्तच झालं, हे त्यालाही कळलं. पण चूक म्हाताऱ्याची होती. कोणाचंही डोकं फिरलं असतं.

तुकोजीराव रागावले नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "पुरे, का आणि विचारू?"

"पुरे, अप्पा." तिने पेला पुढे केलाच नाही. "पुष्कर, अप्पांस इंग्लिश येत नाही. प्रश्न मीच पाठ करून घेतले त्यांचेकडून. उत्तर तर तुझं पहिल्यांदाच बरोबर होतं. तुला राग आल्यावर तू काय करतोस, तेवढंच मला ठाऊक नव्हतं."