खांबामागची खुर्ची

“मातकट कपडे, भिकार टोप्या! आणि प्रेक्षकांसमोर चक्क खांब? हे मैदान गेममधून काढूनच टाकते.” माझ्या नातीने, गार्गीने, व्हिडिओ गेममधला बेसबॉलचा आणखी एक संघ नापास केला.

सकाळपासून हेच ऐकून माझं डोकं उठलं होतं. “संघ निवडतेस की लग्नातली साडी? खबरदार, ते मैदान काढलंस तर!”

अमेरिकेत आल्यावर ह्यांनी मला त्याच मैदानात पहिला सामना दाखवला होता. मला चांगली खुर्ची देऊन स्वतः खांबामागे बसले. “काय झालं?” सारखे विचारायचे, आणि मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं! आता खरं मैदान पाडलंय. हेही गेले.

सगळं ऐकून गार्गीने पडद्यावर खांबामागची ती खुर्ची शोधली. “इथून काहीच दिसत नाही, आजी.”

“माहितेय. तू खेळ. मी सांगते ह्यांना.”