पंपाच्या फाइलीतली तिसरी ओळ

सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइली लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. भुईगावच्या आमच्या वाडीतला पंप मोबाइलवरून चालावा म्हणून मी तशीच एक फाइल लिहिली होती. पंप कोण सुरू करू शकतं, त्याच्या तीन ओळी: मी, आई आणि बाबा.

बाबांच्या ओळीत मी नाव लिहिलंच नाही, 'नल' लिहिलं. ओळच नसती तर प्रोग्रॅम अडला असता. नल म्हणजे जागा आहे, पण तिथे कोणी नाही.

"माझं नाव टाकलंस का रे?" ते दर रविवारी विचारायचे.

"टाकतो," मी म्हणायचो. ते भलतंच काहीतरी दाबतील, अशी मला धास्ती होती.

चैत्रात बाबा गेले.

तेराव्यानंतरच्या सकाळी सहाला पंप सुरू झाला. पाणी आधी केळीला गेलं, मग पानवेलीला, बाबा द्यायचे तसंच. पाटातली माती फावड्याने सारल्याशिवाय ते तसं वळत नाही. मोबाइलवर नोंद होती: सुरू करणारा, नल.

रोज तेच होऊ लागलं. पाचव्या दिवशी मी तिसऱ्या ओळीत बाबांचं नाव, 'गुरुदत्त', लिहिलं.

दुसऱ्या सकाळी सहाला पंप सुरू झाला. नोंदीत नल. फाइल उघडली, तर नाव पुसलेलं. मी ते पुन्हा लिहू लागलो.

आईने माझ्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला. ती पाटाकडे बघत होती.

"राहू दे, तेजस," ती म्हणाली. "आता नको म्हणतायत."