ठसका

चुलीतले निखारे तव्यावर ओढतानाच धनुबाईने मनाशी पक्कं केलं होतं: ठसका लागला रे लागला, की तवा उचलून थेट अंगणात. नवऱ्याच्या छातीला धूर चालत नाही, हे काय तिला कळत नव्हतं?

खाटेवर हेमराज उशांना टेकून बसला होता. आडवं पडलं की खोकला उसळायचा, जीव घाबरायचा. एकेका श्वासाला मानेच्या शिरा ताणायच्या, गळ्याखाली खड्डा पडायचा, आणि एवढं ओढूनताणून आत काय जायचं? टीचभर हवा. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला होता. ही घशातून उतरणारी नळी, तिचे हे दोन फाटे, फाट्यांच्या फांद्या, आणि फांद्यांच्या टोकाला मोहरीपेक्षा बारीक फुगे. फुग्यांतली हवा रक्तात उतरते, म्हणून माणूस जगतो. "यांचे फुगे कडक झालेत, मावशी. आता घरी न्या."

घरी न्या म्हणे! पाठीवर मिरचीचं पोतं टाकून पळणारा माणूस एका हिवाळ्यात असा चिपाड होतो? नजरच लागली, दुसरं काय. डॉक्टरांचं सगळं करून झालं होतं. हातात एवढंच उरलं होतं, आणि ते धनुबाई सोडणार नव्हती.

"हेमांगीना बाप, नजर काढस आते. गप बठा."

"काढ," हेमराज म्हणाला. मग थांबून, पुन्हा हवा ओढून, "तुन्हं बी मन ऱ्हाई."

तिने दार लोटलं. दृष्ट काढताना मध्ये कुणी येऊ नये, अवाक्षर बोलू नये. मुठीत मीठ, मोहरी आणि पदरात बांधून आणलेल्या मिरच्या. लग्न झाल्यापासून ती रोज धानोऱ्याहून टेम्पोने नंदुरबारला जायची, मिरची वाळवायच्या पथारीवर बसून देठ खुडायची. तिने डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवली. आल्यागेल्याचं, शेजारपाजाऱ्यांचं, मुकादमाचंसुद्धा नाव मनात घेतलं, आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली.

मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या. धनुबाई तव्यावर नाक नेऊन बसली, हातात फडकं तयार. नजर असली तर ठसका लागत नाही, हे सगळ्या जगाला माहीत.

काही नाही. नाकाला झिणझिणी नाही, घशाला खवखव नाही. म्हणजे नजर होती! आणि केवढी होती! आनंदाने तिचा ऊर भरून आला.

हेमराजने हात वर केला. बोलायचं नसतं, म्हणून खुणेने विचारतोय, असं तिला वाटलं. तिनेही खुणेनेच सांगितलं, थांबा, जळू द्या अजून. हात खाली गेला.

थोड्या वेळाने धाडकन दार उघडलं. शेजारची तापीबाई, पदर नाकाला, खोकून खोकून वाकलेली.

"अवं माय वं! काय जाळी ऱ्हायनी तू? गल्लीभर ठसका उठना!"

"ठसका?" धनुबाई हसली. "माले तं नही लागना. आन देख ना, त्यासना खोकला बी थांबी गया."

तापीबाईने खाटेकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने तवा लाथेने दाराबाहेर ढकलला.

"तुले कसा लागी व ठसका?" ती रडत ओरडली. "तुन्हं नाक तं पथारीवरच मरी गयं!"

धनुबाई फडकं धरून तशीच उभी राहिली. घरात अजून धूर कोंडलेला होता. तिने तोंड उघडून छाती भरून श्वास घेतला, ठसका लागावा म्हणून. पुन्हा घेतला. लागला नाही.