बोटाची मागची बाजू

नियम पहिला. मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडायचा.

हमीदने पाडला. स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरायचा थांबला. हॉलमधला पंखा परवापासून थांबलेलाच होता. त्याचं भिंतीवरचं बटण चालू राहिलं. मेन पाडल्यावर बटणाकडे कोण बघतो.

"दोन माणसं आणि एक पंखा," ललिताबाई म्हणाल्या. कर्वेनगरातल्या या तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. "बघू या, कोण जिंकतं."

हमीदचा जोडीदार रतन हसला. हमीदने शिडी उघडली. ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंनी चढता येणारी.

नियम तिसरा. (दुसरा राहून गेला.) टेस्टरवर विसंबायचं नाही. त्याचा दिवा दिवसा दिसत नाही, कधी आतूनच गेलेला असतो. पायात रबरी चप्पल ठेवायची आणि बोटाची मागची बाजू तारेला हळूच लावायची. झिणझिण आली की तार जिवंत. पुस्तकात लिहिलंय, असं कधीही करू नका. पुस्तक लिहिणाऱ्याने किती पंखे लावले, ते लिहिलेलं नाही.

हमीद चढला. पंख्याच्या दांडीवरची वाटी खाली सरकवली. आतलं कनेक्टर जळून काळं झालं होतं. त्याने मधल्या बोटाची मागची बाजू एका तारेला लावली. मग दुसऱ्या.

काही नाही.

"मेलेली आहे," तो म्हणाला आणि उतरला.

चहा आला. स्टीलच्या पेल्यांत. रतनने पेला रुमालात धरला. हमीदने तसाच, तळहातात.

"अहो, उकळता आहे तो!"

"सवय आहे, बाई."

रतन चपला काढून शिडीवर चढला. तो अनवाणीच चढतो. पायरी पायाला कळली पाहिजे, असं म्हणतो. बावीस वर्षं दोघांचं असंच चाललंय. आधी हमीद तपासतो, मग रतन जोडतो. हमीद 'मेलेली' म्हणाला की रतन टेस्टर काढत नाही. हा नियम कुणी कुणाला सांगितलेला नाही, म्हणून त्याला नंबरही नाही.

नियम चौथा. काम चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. ऐकायचं मात्र.

"नेट चालू आहे हो माझं," खुर्चीतून ललिताबाई म्हणाल्या. मोबाइल त्यांनी नाकाजवळ धरला होता. "मेन खरंच बंद केलात ना?"

"केला, बाई."

"मग इन्व्हर्टरवर असेल. मुलाने बसवून दिलाय, मागच्या गॅलरीत. नेट, हॉलचा पंखा आणि माझा बेडरूमचा दिवा. फ्रिज काही चालत नाही त्याच्यावर."

नियम दुसरा. चढायच्या आधी विचारायचं, घरात इन्व्हर्टर आहे का.

"रतन, थांब."

रतनची बोटं तारेपासून वीतभर लांब होती. थांबली.

गॅलरीत जायचं. इन्व्हर्टरचं बटण दाबायचं. 'उगीच, खात्री म्हणून,' असं म्हणायचं. रतनने पुढे काही विचारलं नसतं. उद्या सदाशिव पेठेत एका क्लासचं काम होतं, परवा लोणी काळभोरला. तिथेही रतन अनवाणीच चढला असता.

हमीद गॅलरीकडे चार पावलं गेला. परत आला. शिडीच्या दुसऱ्या बाजूने वर चढला.

आता दोघांची तोंडं समोरासमोर आली. मध्ये दोन तारा.

"काय झालं, हमीदभाई?"

"टेस्टर काढ."

"तुम्ही बघितलंत की आत्ता."

"काढ."

रतनने खिशातला टेस्टर काढला. हमीदने बोटाची मागची बाजू तारेला लावली आणि तशीच ठेवली. खिडकीच्या गजाला ठेवावी तशी. काही नाही.

"लाव."

रतनने त्याच तारेला, बोटाच्या शेजारी, टेस्टर टेकवला. दिवसाच्या उजेडात काही दिसेना. त्याने दुसऱ्या तळहाताचा आडोसा केला.

आत नारिंगी ठिपका पेटलेला होता.

दोघे ठिपक्याकडे बघत राहिले. हमीदचं बोट तारेवरच होतं.

"हात काढा, हमीदभाई."

त्याने काढला.

"कधीपासून?"

"होळीपासून. आधी नुसते शेंडे बधिर होते. आता सगळीच बोटं."

"डॉक्टर?"

"साखर म्हणाले."

रतनने टेस्टर खिशाला लावला. आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. पालथे, मग उताणे. आता दिवाळी आठवड्यावर आली होती. होळीपासून किती पंखे झाले, ते मोजायला दोन हातांची बोटं पुरली नसती.

"काय मग?" खालून ललिताबाई म्हणाल्या. "कोण जिंकलं?"

"दोन मिनिटं थांबा, बाई," रतन म्हणाला.

तो एकेक पायरी उतरला. हमीद वर तसाच उभा राहिला, हात तारेपासून लांब धरून. त्याला वाटलं, रतन आता गॅलरीकडे जाईल.

रतन शिडीच्या पायथ्याशी वाकला आणि आधी चपला घातल्या.